जबाब वाचून दाखवला का?

आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुलेमुली आज संगणकाच्या कंपन्यांत नोकरीला आहेत. मुलगी काय काम करते, असे आम्ही आईवडिलांना विचारले की उत्तर येते, 'कॉम्प्युटरवर असते.' त्या कामाचा पहिला टप्पा मात्र कोणालाही समजेल. ज्याच्यासाठी प्रोग्रॅम करायचा त्याला नेमके काय हवे ते विचारून लिहून घ्यायचे आणि लिहिलेले बरोबर आहे ना, हे त्याच्याकडूनच पडताळून घ्यायचे. जबाब वाचून दाखवल्याशिवाय सही घेत नाहीत, तसेच हे.

हा टप्पा कच्चा राहिला तर काय होते, ते १९९२ साली लंडनच्या रुग्णवाहिका सेवेत दिसले. तोवर तेथे फोन आला की कागदावर टिपत, नकाशाच्या पुस्तकात जागा शोधत आणि कागद सरकत्या पट्ट्यावरून पुढे पाठवत. एकाच अपघाताचे तीन फोन आले, तर कागद गोळा करणारा माणूस ते ओळखून एकत्र करी. काम नजरेचे आणि आठवणीचे!

२६ ऑक्टोबरला हे सारे संगणकावर सोपवले. गाडीवरच्या कर्मचाऱ्यांना नीट विचारलेच नव्हते. प्रत्येक गाडी कोठे आहे याची अचूक माहिती मिळत राहील, हे गृहीत धरले होते. पण रुग्ण उचलणारा माणूस बटणे ठरल्या क्रमाने दाबीलच कसा? कोठे एकाच जागी दोन गाड्या गेल्या, कोठे तासन्‌तास एकही नाही. लोक पुन्हा पुन्हा फोन करू लागले आणि ते जुनेच फोन आहेत, हे संगणकाला धड ओळखता येईना. दुसऱ्या दिवशी अर्धे काम पुन्हा हाताने सुरू झाले. ४ नोव्हेंबरच्या पहाटे प्रोग्रॅममधल्या एका वेगळ्याच चुकीने संगणक ठप्प झाला आणि कागद परत आले. १९९३ च्या चौकशी अहवालाने व्यवस्थापन व कर्मचारी यांच्यातील अविश्वासावरही बोट ठेवले.

अस्पृश्यांचे म्हणणे अस्पृश्यांनीच मांडले पाहिजे, असे पूज्य बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे सांगितले होते. आपल्या मुलांना हा मुद्दा वेगळा शिकवावा लागू नये.

समजा, पगारपत्रकाचा प्रोग्रॅम करायचा आहे. साहेब सांगतील, 'रजा मंजूर झाली की नोंद होते.' कारकुनाला ठाऊक असते की माणूस आधी रजेवर जातो आणि मंजुरी महिन्याने येते. मग मधल्या महिन्याचा पगार कापायचा की नाही? हा प्रश्न साहेबांच्या केबिनमध्ये सुचत नाही, कारकुनाच्या टेबलाशी दोन दिवस बसले की सुचतो. पडद्यावर काय दिसेल ते आधी कागदावर काढून त्यालाच दाखवावे. तो लगेच म्हणेल, 'हा रकाना कशाला? आणि तो कुठे गेला?'

लंडनने पुढची प्रणाली टप्प्याटप्प्याने, कर्मचाऱ्यांना नमुने दाखवत केली. ती १९९६ साली सुरू झाली आणि चालली.