बागेच्या नकाशात झाडू कुठे आहे?

दोन वर्षांपूर्वी गाझियाबादमधल्या एका खाजगी शाळेत पर्माकल्चर पद्धतीची बाग आखून देण्याचं काम माझ्याकडे आलं. जागा जेमतेम दोन गुंठे. मुलं सहावी ते आठवीची. माझ्याकडे कोर्सचं प्रमाणपत्र होतं आणि उत्साहही भरपूर. ऊन कुठून येतं, मे महिन्यात लू कोणत्या बाजूने वाहते, नळ कुठे आहे, स्वयंपाकघर किती लांब आहे, हे सगळं मी रंगीत पेनांनी कागदावर मांडलं. नकाशा देखणा झाला. मुख्याध्यापिकांनी तो फ्रेम करून भिंतीवर लावला.

जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात चारपैकी तीन वाफे पाण्याखाली गेले. भेंडी आणि चवळी सडली. दुसऱ्या दिवशी मी चिखलात उभी असताना शाळेत झाडू मारणाऱ्या ताई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, यहाँ तो हर साल पानी भरता है. पूछ लेतीं."

त्या ताई अकरा वर्षं ते मैदान झाडत होत्या. पाणी कुठे साचतं, वाऱ्याने पाला कोणत्या कोपऱ्यात गोळा होतो, पिंपळ कधी पानं टाकतो, कुठे एक वीत खणलं की बांधकामाचा मलबा लागतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोन ऑस्ट्रेलियन माणसांनी १९७८ मध्ये पर्माकल्चरवरचं पहिलं पुस्तक लिहिलं. कोर्समध्ये आम्हाला पहिला धडा दिला होता तो असा, की कुदळ मारण्याआधी जमीन बघा, शक्य तर वर्षभर बघा. त्या शाळेत ती जमीन रोज बघणारी एक बाई होती. आखणीच्या बैठकीत मात्र मी, मुख्याध्यापिका, दोन शिक्षिका आणि एक आर्किटेक्ट पालक होते. ताईंना बोलवावं हे कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही. माझी आजी जालना जिल्ह्यात पाटलाच्या उकिरड्यावरून डोक्यावर खत वाहायची, आणि तरीही मला सुचलं नाही. शिक्षणाने आपल्याला काय काय दिलं ते आपण नेहमी मोजतो. कुणाकडे बघायचं नाही हेही ते शिकवून जातं.

दुसरा धडा जास्त कडू होता. शिक्षिकेने मुलांचे चार गट केले: बियाणं, रोपं, पाणी आणि खत. खताच्या गटात सहा मुलं आली. सहाही मुलं शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांवर प्रवेश मिळालेली. शिक्षिकेने कुणाची जात विचारली नव्हती. तिला ती विचारायची गरजच पडली नाही. त्यातल्या एका मुलाचे वडील कंत्राटी सफाई कामगार होते. आठवड्याभरात त्याची आई शाळेच्या फाटकाशी आली. तिचं म्हणणं एवढंच होतं: यासाठी आम्ही पोराला इथे घातलं नाही.

कंपोस्ट म्हणजे घाण नव्हे, ते काळं सोनं आहे, असं काहीतरी मी तिला सांगणार होते. शब्द तोंडाशी आले होते. तेवढ्यात आठवलं, माझ्या आजीनेही आईला हेच सांगून शाळेत धाडलं होतं. मी गप्प बसले.

शाळा आणि झाडू यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. ह्यूमन राइट्स वॉचने दिल्ली आणि उत्तर प्रदेशासह चार राज्यांतल्या शाळांची पाहणी करून २०१४ मध्ये अहवाल काढला. दलित मुलांना शाळेतले संडास साफ करायला लावल्याच्या नोंदी त्यात आहेत. त्या आईने हा अहवाल वाचलेला नव्हता, पण त्यातलं सगळं तिला ठाऊक होतं.

"मातीशी नातं जोडा" हे वाक्य एनसीआरच्या उंच सोसायट्यांमध्ये फार ऐकू येतं. ज्यांच्या नावावर जमीन होती आणि ज्यांनी ती आपल्या मर्जीने सोडली, त्यांना परत फिरणं सोपं आहे. आपल्या लोकांना माती मिळाली ती राबण्यापुरती. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीखालच्या क्षेत्रापैकी साधारण ९ टक्केच अनुसूचित जातींकडे होतं, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला त्यांचा वाटा १६.६ टक्के होता. गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत सुनावलं, ते याच अनुभवातून.

मग बाग सोडून द्यायची का? मला तसं वाटत नाही. १९८७ मध्ये मॉलिसन भारतात आले तेव्हा त्यांचा वर्ग भरला होता तो तेलंगणातल्या झहीराबादजवळ, पस्तापूरला. त्याच भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायांच्या संघमांनी पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या, ज्वारी-बाजरीसारख्या धान्यांची बियाणी राखली आणि पुढे २००८ मध्ये स्वतःचं रेडिओ केंद्र चालवायला घेतलं. तिथेही खत होतं, शेण होतं, घाम होता. फरक एवढाच की काय पेरायचं, बियाणं कुणाला द्यायचं, हे त्याच बाया ठरवत होत्या.

आम्ही नकाशा पुन्हा काढला, यावेळी ताईंना सोबत घेऊन. त्या तासांचे त्यांना वेगळे पैसे द्यायचे, ही अट मी घातली आणि थोड्या वादानंतर ती मान्य झाली. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात अळू आणि केळी लावली. बाकीचे वाफे मलब्यावर फूटभर उंच केले. पाल्याचा खड्डा त्यांनी दाखवलेल्या कोपऱ्यात घेतला, तिथे वारा निम्मं काम करतो. तीन भाग कोरडा पाला आणि एक भाग भाजीची सालं, असं प्रमाण ठेवलं. आखणी कुणी केली त्या फलकावर त्यांचं नाव माझ्या नावाआधी लिहिलं. खताची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावली. प्रत्येकाला हातमोजे दिले आणि शिक्षकांनाही पाळी लावली.

तिसरा धडा उन्हाळ्याच्या सुट्टीचा. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो आणि शाळा बंद असते. बाग तेव्हाच मरते. पाणी कोण घालणार, या प्रश्नाला बहुतेक शाळांचं न बोललेलं उत्तर असतं: वॉचमन, फुकटात. आम्ही वाफ्यांवर पाल्याचं जाड आच्छादन घातलं, झाडांच्या मुळाशी मडकी पुरली, शेवगा, लिंबू, कढीपत्ता अशी टिकणारी झाडं वाढवली, आणि वॉचमनदादांचा पाणी घालण्याचा भत्ता बागेच्या खर्चात धरला.

सगळं नीट झालं असं मात्र नाही. मुख्याध्यापिकांनी खताची पाळी दोनदा केली, नंतर त्यांना वेळ मिळेना. तो मुलगा बागेत परत आला नाही. तो बुद्धिबळाच्या तासाला जातो. त्याला बोलवायला मी गेले नाही.

सरकारी शाळांमध्ये मध्यान्ह भोजनासाठी परसबागा करा, अशा मार्गदर्शक सूचना केंद्राने २०१९ मध्येच काढल्या आहेत. त्यामुळे ही कामं वाढत जाणार, आणि आपल्यातले अनेक जण संस्थांमध्ये, कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या प्रकल्पांत, शिक्षक म्हणून त्या बैठकांना बसणार. बहुतेकदा त्या खोलीत आपल्यातलं आपण एकटेच असू. तेव्हा ऊन, वारा आणि पाणी नकाशावर आलं की एक प्रश्न विचारा: खत कोण उचलणार, झाडणार कोण, आणि त्यांना या बैठकीला बोलावलंय का? खोली थोडी गप्प होईल. होऊ द्या. उत्तर मिळेपर्यंत कुदळ मारू नका.