चवदार तळ्यापर्यंतची वाट: कॉम्रेड आर. बी. मोरे यांचे स्मरण

१/
२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते दृश्य महाराष्ट्राच्या स्मृतीत कायमचे कोरले गेले आहे. त्याआधीची तीन-चार वर्षे मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाहीत. त्या वर्षांचा मागोवा घेताना एक नाव वारंवार समोर येते: रामचंद्र बाबाजी मोरे.

२/
मोरे यांचा जन्म १ मार्च १९०३ चा. महाडजवळचे दासगाव हे त्यांचे गाव. हा परिसर लष्करातून निवृत्त झालेल्या महार सैनिकांचा. अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवणारे गोपाळ बाबा वलंगकर याच भागातले. हक्काची भाषा येथे मोऱ्यांच्या जन्माआधीपासून रुजू लागली होती.

३/
शिष्यवृत्ती मिळवूनही जातीमुळे या मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला गेला. त्याने वृत्तपत्राला पत्र लिहिले. पत्र छापून आले आणि शाळेला दार उघडावे लागले. आत गेल्यावर बसायची जागा मात्र इतर मुलांपासून वेगळी होती. हक्क कागदावर मिळाला, तरी तो प्रत्यक्षात उतरवण्यासाठी वेगळे झगडावे लागते, हा धडा मोऱ्यांना बालपणीच मिळाला.

४/
पुढे साऱ्या महाडला हाच धडा मिळायचा होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा त्याचा आशय. १९२४ मध्ये सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असलेल्या महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले.

५/
ठराव झाला, तळे खुले झाले. तरीही अस्पृश्यांपैकी कोणी तेथे पाणी भरू शकले नाही. याचे कारण भित्रेपणात शोधणे अन्यायाचे ठरेल. बाजारहाट, मजुरी, शेती ही सारी सवर्णांच्या हाती होती. एकट्यादुकट्याने ओंजळ भरली असती, तर त्याची किंमत साऱ्या वस्तीने मोजली असती. ठराव आणि पाणी यांच्यामध्ये संघटनेची उणीव होती.

६/
ती उणीव भरून काढणाऱ्यांत मोरे अग्रभागी होते. महाडच्या बाजारात अस्पृश्यांना कोठेही पाणी मिळत नसे, म्हणून त्यांच्यासाठी चहाचे दुकान सुरू व्हावे यासाठी मोऱ्यांनी पुढाकार घेतला. खेड्यांतून आलेली माणसे तेथे टेकत, गाऱ्हाणी सांगत, बातम्या घेऊन परतत. चळवळीचे पहिले कार्यालय असे चहाच्या पेल्याभोवती उभे राहिले.

७/
महाडात परिषद भरवावी आणि बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून आणावे, यासाठी मोऱ्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. डिसेंबर १९२६ मध्ये दासगावच्या क्रॉफर्ड तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी उघडपणे घेतले. महाडच्या मोठ्या पावलाची ही पूर्वतयारीच होती.

८/
१९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा मोऱ्यांनी नुकतीच चोविशी ओलांडली होती. टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण सहकारीही सोबत होते. परिषद संपताना मिरवणूक तळ्याकडे निघाली. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा बेत असल्याची अफवा उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही करण्यात आले.

९/
डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेआधी न्यायालयाची मनाई आली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावरील हक्काचा निवाडा उच्च न्यायालयात लागायला १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे!

१०/
१९३० मध्ये मोरे कम्युनिस्ट पक्षात गेले. बाबासाहेबांविषयीचा आदर मात्र अखेरपर्यंत टिकला. पक्षातही ते केवळ होकार देणारे राहिले नाहीत. १९५३ मध्ये त्यांनी अस्पृश्यता आणि जातिव्यवस्थेच्या प्रश्नावर पक्षापुढे टिपण मांडले. वर्गलढा पुढे गेला की जात आपोआप गळून पडेल, या समजुतीवर विसंबणे त्यांना मान्य नव्हते.

११/
त्यांच्या विस्मरणाचे मूळही येथेच असावे. एका परंपरेला त्यांचे लाल निशाण अडचणीचे वाटले, दुसरीला त्यांचा जातीचा प्रश्न. दोन्ही घरांत वावरलेल्या माणसाची तसबीर कोणत्याच भिंतीवर ठळकपणे लागली नाही. ११ मे १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मकथन अपुरे राहिले. ते चरित्राची जोड देऊन पूर्ण करण्याचे काम त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी केले.

१२/
मोऱ्यांची थोरवी सांगितल्याने बाबासाहेबांचे श्रेय कमी होते, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकणारा नाही. बोलावणे पाठवणारी, गावोगाव फिरून माणसे जमवणारी फळी दिसू लागली, म्हणजे तिने ज्यांच्यावर विश्वास टाकला त्या नेतृत्वाची उंची अधिकच कळते. त्याचबरोबर ‘इतिहासाने दडवलेला खरा नायक’ अशी मोऱ्यांची दंतकथा रचणेही गैर. त्यांनी उभे आयुष्य सामुदायिक कामाला वाहिले. त्यांना एकट्याला चौथऱ्यावर चढवणे हा त्या कामाचाच अवमान ठरेल.

१३/
मग त्यांचा सन्मान कसा करावा? दरवर्षी २० मार्चला क्रांतिभूमीवर जनसागर लोटतो. त्या गर्दीतल्या काही तरुण पावलांनी दासगावकडेही वळावे. आपापल्या तालुक्यातील नगरपालिकेचे जुने ठराव, परिषदांची पत्रके, वर्गणीच्या वह्या उघडाव्यात. ठराव कधी झाला हे पाहून थांबू नये. पाणी कधी मिळाले आणि मधल्या काळात कोण झिजले, हेही शोधावे. प्रत्येक गावाच्या इतिहासात एखादा मोरे असतोच. त्याचे नाव नोंदले जाणे, हेच रामचंद्र बाबाजी मोऱ्यांचे उचित स्मारक.