मॉरिशसला शाबासकी नको

मॉरिशसहून परतलेला मराठी माणूस हमखास म्हणतो, "अहो, अगदी आपल्यासारखंच आहे सगळं!" माझा आक्षेप या वाक्यालाच आहे.

पोर्ट लुईला मी गाडीवरची दालपुरी खाल्ली. आत आपल्या पुरणपोळीसारखं डाळीचं सारण, पण तिखटमिठाचं. वर मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचं रुगाय आणि झणझणीत मिरची. रांगेत चिनी वंशाचे, आफ्रिकी वंशाचे, मुसलमान, सगळेच. दालपुरी आली भारतीय गिरमिटिया मजुरांबरोबर, पण आज ती साऱ्या बेटाची आहे.

हे मजूर १८३४ पासून येऊ लागले. साडेचार लाखांच्या आसपास माणसं पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरून गेली. बहुतेक बिहारकडची, काही मुंबई बंदरातून निघालेली कोकणातली. त्यांच्याआधी आफ्रिका आणि मादागास्करमधून आणलेले गुलाम होते. सेगा नाच त्यांचा. पळून गेलेले गुलाम ल मॉर्न डोंगराच्या कड्यांवर लपत. आपल्या सहलीत तो डोंगर फोटोमागचा पडदा होतो, कारण तिथे "आपलं" काही सापडत नाही.

आणि जिथे सापडतं तिथे आपण परीक्षक होतो. कोकणातल्या त्या मजुरांचे वंशज घरात क्रिओल बोलतात, मराठी शाळेत शिकतात, गणपतीत जाखडी नाचतात. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. आपण "किती छान जपलंय!" म्हणतो आणि लगेच त्यांचे उच्चार सुधारायला घेतो. आपण परदेशातले मराठी सुट्टीत भारतात गेलो की आपल्या मुलांचं मराठी असंच तपासलं जातं, तेव्हा आपल्याला किती राग येतो!

राहायला मात्र आपण जातो कुंपणातल्या रिसॉर्टमध्ये. जेवणखाण, दारू, सेगा, सगळं एकाच बिलात. मग बाहेर पडायचं कशाला? खरं तर भरतीच्या रेषेखालचा किनारा कायद्याने सर्वांचा आहे. रविवारी फ्लिकांफ्लाकच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली पातेली घेऊन बसलेली कुटुंबं दिसतात, मध्येच कुणी रावान, म्हणजे सेगाचं चर्मवाद्य, वाजवू लागतो. हा सेगा तिकिटाचा नाही.

आपल्या मराठी मंडळाची पुढची सहल तिकडे ठरत असेल, तर दोन रात्री रिसॉर्टमधून काढून गावातल्या घरगुती मुक्कामाला द्याव्यात. पंचतारांकित बुफे आपल्या गावातही मिळतो, आणि खाल्लेल्याचे पैसे त्या घरच्या माणसाच्या हातात पडलेले बरे. ल मॉर्नला अर्धा दिवस ठेवावा, स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि त्याला बोलू द्यावं.