आधी नाली, मग वाघ

वस्तीतली भिंत रंगवायची असेल, तर आपल्याच जिल्ह्याचे चित्र काढू या. टिपेश्वरहून चालत २०१९ मध्ये ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचलेला वाघ, तिथली अस्वले, जून २०२० मध्ये गुलाबी झालेले लोणार सरोवर. ब्रश मुलांच्या हाती द्या.

मुंबईची असल्फा वस्ती २०१७ मध्ये रंगली आणि तिचे फोटो सगळीकडे झळकले. रंगाने वस्तीकडे लक्ष जाते, हे खरे. पण नाली वाहती होत नाही. तुंबलेल्या नालीत हत्तीरोगाचे डास वाढतात, उघड्या टाकीत डेंग्यूचे.

म्हणून घरोघरी आठवड्याला कोरडा दिवस पाळा. आणि नगरपालिकेला रंगासाठी अर्ज द्याल, त्यातच नाली उपसण्याची मागणी लिहा. रंगीत भिंत दाखवून कोणी हात झटकता कामा नये.