मागे बांधलेली गाडी

माझे मेहुणे अमेरिकेत असतात आणि मी लातुरात असतो. एवढ्या एका वाक्यावरून आमच्या घरातले माझे स्थान चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात येईल. गेल्या दिवाळीला मेहुणे आले होते. चिवड्याचा बकाणा भरता भरता त्यांनी खिशातला फोन काढला आणि एक छायाचित्र माझ्यापुढे धरले. चित्रात एक मोटारघर होते. त्यांच्या मते ते अगदी बेताचे. पण त्यात निजायची जागा होती, शेगडी होती, न्हाणीघरसुद्धा होते. आणि त्या घराच्या पाठीमागे, एका लोखंडी त्रिकोणी दांड्याला जोडलेली, चारही चाके रस्त्यावर टेकलेली एक चिमुकली मोटार निघाली होती. तिच्यात माणूस नव्हता.

"मागची बंद पडली वाटतं?" मी सहानुभूतीने विचारले.

मेहुणे मोठ्याने हसले. "अहो भाऊजी, चांगली ठणठणीत आहे ती! मुक्कामाला पोचलं की घर तिथं उभं करायचं आणि बाजारहाटाला ही सोडायची. नाहीतर अर्धा लिटर दुधासाठी सगळं घर बाजारात न्यायचं का?"

युक्ती मला पटली. मग त्यांनी तिचे शास्त्र सांगितले. वाटेल ती गाडी अशी बांधून चालत नाही. ज्या गाडीत गिअर आपोआप बदलतात, तिच्या पेटीत तेल फिरवणारा पंप बहुधा इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून नुसती चाके फिरवली, तर बाहेरून गाडी छान धावताना दिसते आणि आतल्या आत झिजून जाते. म्हणून कोणती गाडी ओढावी आणि कोणती ओढू नये, हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत पाहून घ्यायचे. मागच्या गाडीचे दिवे पुढच्या गाडीला जोडायचे. तिच्या ब्रेकचीही निराळी सोय करायची. नाहीतर पुढची थांबू म्हणते आणि मागची तिला ढकलत राहते. शिवाय अशी जोडी पुढेच जाते. मागे घ्यायला गेले, तर मागच्या गाडीची चाके भलतीकडेच वळतात. मागे यायचे असेल तर आधी बंधन सोडावे लागते.

"आपल्या सरकारनंही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय म्हणे," मेहुणे उठता उठता म्हणाले. "घ्या एक, आणि मागं तुमची गाडी बांधा!"

प्राध्यापकाला कोणी काही घ्या म्हटले की तो आधी पुस्तक उघडतो. मी १९८९ सालचे रस्त्याचे नियम उघडून बसलो. त्यांत ओढून न्यायच्या गाडीवर एक स्वतंत्र कलमच निघाले. नोंदलेला ट्रेलर ओढावा. एरवी नादुरुस्त गाडी किंवा अर्धवट बांधणीची गाडी तेवढी ओढावी, तीही पोचती करण्यापुरती किंवा जवळच्या गॅरेजपर्यंत. चाके जमिनीवर असतील तर मागच्या गाडीत परवानाधारक चालक बसलेला हवा. दोन गाड्यांत पाच मीटरांहून अधिक अंतर नको. वेग ताशी २४ किलोमीटरांच्या आत. मागे पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत पाटी. २०१७ साली नवे नियम आले, पण या बाबतीत रोख तोच राहिला. थोडक्यात, मेहुण्यांचे चित्र आपल्याकडे चालायचे नाही. धडधाकट गाडी दुसरीच्या मागे बांधायची नाही, असे आपला कायदा म्हणतो.

नियम मला आवडला. तो फक्त मोटारींसाठी आहे, अशी मात्र माझी समजूत होती.

आमचे मूळ घर नांदेडला. वडील जाऊन दोन वर्षे झाली. आई शहात्तर वर्षांची, घरात एकटी. रात्री तिचा फोन उचलायला उशीर झाला की इकडे माझ्या पोटात गोळा उठे. मी आणि सौ. नी विचार केला आणि ठरवून टाकले की आईला लातूरला आणायचे. नांदेडच्या घराला भाडेकरू पाहिला, त्याच्याकडून विसारही घेतला. आईला सांगितले ते सर्वांत शेवटी. ती म्हणाली, "बरं." या 'बरं'चा अर्थ मी होकार असा लावला. एकोणीस वर्षे मराठी शिकवून मला इतकेच मराठी येते!

मे महिन्यात सामान हलवले. टेम्पोत कपाट, पलंग, पाटा-वरवंटा, पाण्याचे पितळी पिंप असा सारा संसार चढला. मी माझ्या लहान मोटारीने मागे निघणार होतो. आई माझ्या गाडीत बसेना. "माझी भांडी जिथं, तिथं मी," असे म्हणून तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन ती टेम्पोवाल्याशेजारी बसली.

लोहा गेले, माळेगाव मागे पडले, आणि माझ्या गाडीने एकाएकी मान टाकली. इंजिनाचा पट्टा तुटला होता. ऊन असे की डांबर पायाला चिकटत होते. टेम्पोवाला मागे वळून आला, त्याने बॉनेटमध्ये डोकावून पाहिले आणि ताडपत्रीखालचा एक जाड दोर ओढून काढला.

"अहमदपूरला गॅरेज हाय, सर. तवर ओढून नेतो. घाबरायलाव कशाला?"

मी त्याला पाच मीटरांचा नियम सांगितला. त्याने दोर दुहेरी केला. मी पाटीचा नियम सांगितला. आईने सामानातून जुनी दिनदर्शिका काढून दिली. तिच्या पाठकोऱ्या पानावर मी नियमातले 'ऑन टो' हे शब्द जाड अक्षरांत लिहिले आणि सवयीने मराठी प्रतिशब्द शोधू लागलो. 'ओढ' एवढाच शब्द सुचला. तो लिहिला आणि माझे मलाच हसू आले. आपल्या भाषेत दोराने खेचतात तीही ओढ आणि जीव खेचला जातो तीही ओढ!

निघण्यापूर्वी टेम्पोवाल्याने मला चार गोष्टी बजावल्या. गिअर मोकळा ठेवायचा. किल्ली काढायची नाही, नाहीतर चाक अडकून बसेल. इंजिन बंद असल्याने ब्रेक दगडासारखा लागेल. तिथे पायाचा सगळा जोर लावायचा. आणि दोर सैल पडू द्यायचा नाही. तो सैल पडून मग ताणला की हिसका बसतो आणि तुटतो.

"मी ओढायलोय खरं," तो म्हणाला, "पण चालवायचं तुम्हालाच हाय."

पुढचा तासभर मी जो प्रवास केला तो जन्मात विसरणार नाही. पाच मीटरांवरून रस्ता दिसतच नाही. खड्डा दिसत नाही, वळण दिसत नाही, समोरून काय येते ते कळत नाही. दिसते ती फक्त पुढच्या गाडीची पाठ. तो वळला की आपण वळायचे, तो थांबला की आपण थांबायचे. कुठे चाललो, किती राहिले, हे विचारण्याची सोय नाही. आपले घर पुढे चालले आहे, आपण त्याच्या मागे बांधलेले आहोत, आणि तरीही हात चाकावरून आणि पाय ब्रेकवरून क्षणभर काढता येत नाही. मला वाटले होते, ओढला जाणारा निवांत असतो. बाजूच्या आरशात मधूनमधून आईचा चेहरा दिसे. ती सारखी मागे पाहत होती.

अहमदपूरच्या गॅरेजात चहा घेताना ती म्हणाली, "आम्ही लहान असताना माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेला निघालो, की गाडीच्या मागं गाय बांधायचे. मुक्काम पडायचे, पोरांना दूध लागायचं ना!"

"म्हणजे मेहुण्यांचीच युक्ती!" मी म्हणालो.

"कुणाची का असेना. पण गाय मागं बांधली की आमचे आबा बैल पळवू द्यायचे नाहीत. म्हणायचे, आता गाडी गाईच्या चालीनं जाईल."

मी चहा संपवला. मला वाटले, आई जत्रेची आठवण सांगत होती.

लातूरच्या घरात आम्ही आईला काही कमी पडू दिले नाही. ती भाजी निवडायला बसली की सौ. म्हणे, "आई, तुम्ही बसा." ती झाडू घेऊ लागली की मुलगी म्हणे, "आजी, तू बस." देवळात जायचे तर मी सोडायला, मी आणायला. एकदा नळाला पाणी नव्हते तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तुमच्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, नाही का रे? मी गोदावरीकाठची." आम्ही सगळे हसलो. सासूचे तोंड कोरडे पडले की काय, म्हणून सौ. ने पाण्याचा पेला पुढे केला.

आषाढ लागेपर्यंत आई बोलायची कमी झाली. आज वार कोणता हे विचारीनाशी झाली. नांदेडला रोज सकाळी भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी, गल्लीतल्या सहा घरांच्या किल्ल्या सांभाळणारी ही बाई आमच्या दिवाणखान्यात हात मांडीवर ठेवून बसून राही. डॉक्टरांना दाखवले. त्यांनी सगळे तपासून सांगितले की प्रकृती उत्तम आहे.

एका संध्याकाळी मी कॉलेजातून आलो तर ती दारातच उभी.

"तुझी गाडी दुरुस्त झाली का रे, बापू?"

"केव्हाच झाली. का गं?"

"मग आता तिला दोर लावून कुणी नेत नाही?"

"चालत्या गाडीला दोर कशाला लावतील?"

"तेच म्हणते मी," असे म्हणून आईने कनवटीची पिशवी सोडली आणि नांदेडच्या घराची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "भाडेकरूचा विसार परत कर."

मी पुष्कळ वाद घातला. रात्री-अपरात्री काही झाले तर कोण आहे, हे विचारले. ती म्हणाली, "गल्ली आहे." ती पडली तर काय, हे विचारले. ती म्हणाली, "पडेन तेव्हा बघू. अजून पडले नाही." मी कायद्याचे पुस्तक वाचून माणसांच्या बाबतीत ते विसरलो होतो. आईत काहीही बंद पडलेले नव्हते. बंद पडली होती ती माझी रात्रीची झोप. आणि तिच्यापायी मी दुसऱ्याच गाडीला दोर लावून बसलो होतो.

विसार परत केला. सामान पुन्हा टेम्पोत चढले. मात्र या खेपेला आई टेम्पोतही बसली नाही. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एस. टी.चे तिकीट माफ करण्याची योजना २०२२ साली निघाली. तिचा लाभ घेण्याचा तिने हट्ट धरला. वाहकाला ओळखपत्र दाखवताना तिचा चेहरा असा खुलला होता, की मला माझ्या लहानपणची आई आठवली.

माझी काळजी संपलेली नाही. ती संपायचीही नाही. आता शेजारच्या वहिनींकडे आमचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर चिकटवला आहे, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आहे, आणि रोज रात्री आठ वाजता फोन होतो. फोन कोणी करायचा, हे मात्र आईने ठरवले आहे. ती करते.

त्या दिवशीचा दोर टेम्पोवाल्याने माझ्याच डिकीत विसरला. तो परत करायला निघालो तेव्हा आई म्हणाली, "त्याला पैसे दे आणि दोर राहू दे तुझ्याजवळ. कधीतरी माझीही गाडी बंद पडेलच. तेव्हा ओढ. पण हळू हाक."

ही दिवाळी आम्ही नांदेडला करणार आहोत. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी निघू. अनारसे करू नका, ते आपण करणार, असा आईचा निरोप आला आहे. दोर डिकीतच आहे.