उंदराचा रंग का उडाला?

डाळ, दूध, अंडी, मासळी यांतून आपल्याला प्रथिने मिळतात. पचनात त्यांची अमिनो आम्ले होतात. त्यांपैकी एक फेनिलअ‍ॅलानिन. शरीर गरजेपुरते वापरते. उरलेल्याचे टायरोसिन या दुसऱ्या आम्लात रूपांतर करण्याचे काम यकृतातील एक विकर, म्हणजे एन्झाइम, करते.

हे विकर निकामी झाले तर? अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात शास्त्रज्ञांनी रसायनाच्या साहाय्याने जनुकात बदल घडवून असे उंदीर मिळवले. त्यांची माहिती १९९३ साली प्रसिद्ध झाली. साध्या खाण्यावरही या उंदरांच्या रक्तात फेनिलअ‍ॅलानिन दहा पटींहून अधिक साठते. केसांचा काळा रंग टायरोसिनपासून बनतो. ते काम अडते आणि केस फिके पडतात. मेंदूत शिरायची वाट अनेक अमिनो आम्लांना एकच असते. तिथे फेनिलअ‍ॅलानिनची गर्दी झाली की बाकीची बाहेर राहतात. असे उंदीर शिकण्यात मागे पडतात. उपचाराने रक्तातले प्रमाण उतरले, की नवे केस पुन्हा गडद येतात.

माणसांतील हाच आजार म्हणजे फेनिलकीटोनुरिया. नॉर्वेचे डॉ. फोलिंग यांनी तो १९३४ साली ओळखला. बाळ जन्मतः ठीक दिसते. पण उपचार न झाल्यास मेंदूची वाढ खुंटते. लोक मग आईला बोल लावतात. वास्तविक सदोष जनुक आई आणि वडील, दोघांकडूनही यावे लागते. दोघे स्वतः निरोगी असतात. प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. जवळच्या नात्यातील लग्नांत हा धोका वाढतो.

उपाय आहे, पण तो लवकर व्हावा लागतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी करता येते. आजार आढळला तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली खास आहार ठेवतात. असा आजार असलेल्या मुलीने पुढे गरोदर राहण्याआधीपासूनच पथ्य पाळावे. नाहीतर गर्भाला इजा होते. उंदरांच्या पिल्लांतही हेच दिसले आहे.

आपल्याकडे ही तपासणी सर्वच ठिकाणी आपोआप होत नाही. म्हणून भगिनींनो, प्रसूतीपूर्वीच डॉक्टरांना तिच्याविषयी विचारून ठेवा. घरात आधी एखादे मूल असे मागे पडले असेल, तर तेही न लपवता सांगा.