डोंगा घेताना कार्ड वाचा

सेमाडोहचे एक बंधू विचारतात : त्यांचे साडू मोर्शीजवळ सिंभोऱ्याला, अप्पर वर्धा धरणावर मासे धरतात. मोटारीचा नवा फायबरचा डोंगा घ्यायचा आहे. एक दुकानदार २ वर्षांची वॉरंटी सांगतो, दुसरा १ वर्षाची. कोणाचा घ्यावा?

भाऊ, आकड्याला भुलू नका. डोंग्याची वॉरंटी वेगळी, मोटारीची वेगळी. ती २ वर्षे नेमकी कशाची, ते आधी विचारा. मोटारीच्या कार्डावर बारीक अक्षरांत पाहा. धंद्यासाठी वापरली तर मुदत पुष्कळदा कमी असते. म्हणून 'मासेमारीला घेतो' असे दुकानदाराला स्पष्ट सांगा आणि मुदत लिहून घ्या. बिघडल्यावर मोटार न्यायची कुठे? नागपूरला न्यावी लागली तर भाडे कोणाचे? मजुरी धरली आहे की नुसते सुटे भाग? अमरावतीत दुरुस्त होणारी १ वर्षाची मोटार मी तरी पसंत करीन.

पक्के बिल साडूंच्याच नावे करा, त्यावर मोटारीचा नंबर हवा. कर वाचतो म्हणून कच्ची चिठ्ठी घेणाऱ्यांची तक्रार लिहिताना माझीच पंचाईत होते.

'धंद्याची वस्तू, तुम्ही ग्राहक नाही' असे कोणी दटावले तर ऐकू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, केवळ पोटापाण्यासाठी, स्वतः राबून वापरायला वस्तू घेणारा ग्राहकच आहे. (डोंगे घेऊन भाड्याने लावणाऱ्याचे तसे नाही.) तक्रार २ वर्षांच्या आत, राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी १९१५ या नंबरवर फोन करून पाहावा.